आधी कानावर घालू, मग छापू

गोळे मॅडम माणसाची चौकशी त्याच्या गोठ्यापासून सुरू करतात. मुलं किती, घर कुठं, हे सगळं नंतर. आमच्या भोरच्या कॉलेजात नवे प्राचार्य रुजू झाले तेव्हा आम्ही हार-गुच्छ घेऊन उभे होतो. मॅडमनी विचारलं, "सर, तुमच्याकडे गुरं होती का?" प्राचार्य शहरात वाढलेले. म्हणाले, "मांजर होतं."

"नाव?"

"मनी."

मॅडम "बरं" म्हणाल्या. पण अशा सुरात, की आपली नेमणूक कच्ची आहे असं प्राचार्यांना दिवसभर वाटत राहिलं असावं.

याला कारण मॅडमचा प्रबंध. विषय, 'भोर व वेल्हे तालुक्यांतील गुरांची नावे'. कुठल्या खोऱ्यात बैलाला काय म्हणतात, म्हशीचं नाव सासू ठेवते की सून, आणि का. स्टाफरूममध्ये आम्ही त्याला 'म्हशीची पीएच.डी.' म्हणायचो. ते त्यांच्यापर्यंत गेलंच. "म्हशीचीच आहे," त्या म्हणाल्या, "पण पुरी झालीय." आमच्यातल्या निम्म्यांची अर्धवट होती.

माझी पुरी होती. विषय, तालुक्यातल्या पतसंस्था. तो प्रबंध मी सोडून आणखी एका माणसाने वाचला असावा. ते माझे मार्गदर्शक, आणि त्यांच्याबद्दलही मला खात्री नाही. हे सांगायचं कारण वेगळं आहे. विद्यापीठाच्या प्रकाशन अनुदानासाठी आम्ही दोघांनीही अर्ज केला होता. निवड मॅडमची झाली, आणि प्रतीक्षायादीत पहिला मी. मॅडमनी तपासलेली प्रूफं मुदतीत पाठवली नाहीत, तर पुस्तक माझं निघणार होतं. त्यांचं अभिनंदन सगळ्यांत आधी मी केलं. मुदत कधी संपते, हेही त्याच दमात मीच विचारलं.

प्रूफं आली आणि मॅडमनी जाहीर केलं, की ज्यांनी ज्यांनी माहिती दिली, त्या प्रत्येकाला त्याचं त्याचं पान वाचून दाखवणार. "ज्याचं बोलणं, त्याच्या आधी कानावर घालू. मग छापू."

विद्यापीठाच्या प्रकाशन विभागातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "मॅडम, असं कोणी करत नाही हो."

"म्हणूनच लोक पुस्तकाला बिचकतात," मॅडम म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गावं डोंगरातली, एसटीचा भरवसा नाही. मी म्हटलं, "मॅडम, माझी गाडी आहे की." त्यांना वाटलं, किती चांगला माणूस. मला फक्त किती पानं राहिलीत ते मोजत राहायचं होतं. आजवर हे मी कोणापाशी बोललो नाही. बायकोलाही नाही.

गुंजवण्याला एका शेतकऱ्याने आपल्या बैलाचं नाव 'सभापती' ठेवलं होतं. मॅडमनी वाचलं, "कारण बैल खाई पुष्कळ व औताला जुंपताच बसे." तो गडी अस्वस्थ झाला. "मॅडम, तेवढं काढा. त्येंनी आता आमचा गोठा मंजूर केलाय."

"पण बैल बसायचा ना?"

"बसायचा. पर आता उठवा त्याला."

मॅडमनी तासभर वाद घातला. बैल शेवटी बसलेलाच राहिला. फक्त मालकाचं नाव गेलं आणि तिथे 'एक शेतकरी' आला.

सारोळ्याला हायवेच्या कडेला एक हॉटेल आहे. मालकाच्या वडिलांनी म्हशीला स्वतःच्या बहिणीचं नाव दिलं होतं, म्हैस मारकुटी म्हणून. मॅडम वाचत असताना ती बहीण, म्हणजे मालकाची आत्या, आत भजी तळत होती. झारा घेऊनच बाहेर आली.

"पुन्यांदा वाच गं बाई."

मॅडमनी न डगमगता पुन्हा वाचलं. मी गाडीची किल्ली खिशात चाचपून ठेवली. आत्याने विचार केला. "मारकुटी न्हवती ती. धार काढताना पाय उचलायची फकस्त. तसं लिव." मॅडमनी तसं लिहिलं. आम्हाला भजी मिळाली. एक दिवस मात्र गेला, आणि भजी खाताना मला त्या दिवसाचा आनंद होत होता.

असं करत शेवटी एकच पान उरलं. हिर्डोशीच्या ठकूआजींचं. वरंध घाटाकडे जाताना रस्ता सोडून थोडं चढून जावं लागतं. आजी एकट्याच असतात. मुलगा, सून, नातवंडं मुंबईला. त्यांच्या म्हशीचं नाव 'रुसवी'. पहिल्या खेपेला मॅडमनी वाचलं, "धार काढताना ती मान फिरवीत असे." आजी म्हणाल्या, "मान न्हाई, पाठ. बदलून आन, म्होरल्या आयतवारी वाचून दाव." दुसऱ्या खेपेला मॅडमनी 'पाठ' वाचलं. आजी म्हणाल्या, "पाठ कशी फिरवंल, दाव्याला बांधलेली? मान."

तिसऱ्या खेपेला मुदतीचा शेवटचा दिवस होता.

मॅडमनी वाचलं, "मान फिरवीत असे." आजी जात्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "शेपटी धर आता. शेपटी फिरवायची ती. आयतवारी ये."

"येते," मॅडम म्हणाल्या आणि पेन्सिल ठेवून दिली.

ज्या बाईने सभापती बैलासाठी तासभर हट्ट धरला, ती शेपटीपुढे एक शब्द बोलली नाही. मग त्यांनी पिशवीतून नेलकटर काढलं. आजींनी न सांगता हात पुढे केला. मॅडम खाली बसल्या आणि एकेक नख जपून कापू लागल्या. मला आधीच्या दोन्ही खेपांना चहा झाल्यावर गाडी वळवून आणायला पाठवत होत्या, ते यासाठी होय. भोरला मॅडमच्या घरी आई गेल्यापासून कुलूप उघडायलाही त्याच आणि लावायलाही त्याच. हे मला ठाऊक होतं. त्याचा विचार मात्र कधी केला नव्हता.

मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प बसलो असतो, तर संध्याकाळी प्रतीक्षायादी पुढे सरकली असती.

मी म्हटलं, "मॅडम, आज शेवटचा दिवस आहे. बाकीची पानं गेलीत, या शेवटच्या पानावर सही करा. खाली रस्त्याला रेंज आहे, तिथून फोटो पाठवू."

"आजींच्या कानावर नीट..."

"तीनदा घातलंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नख कापता कापता म्हणाल्या, "सर, पुस्तक छापून झालं की मी इथे काय सांगून येऊ?"

आजींनी विचारलं, "काय म्हनतोय मास्तर?" मी जरा मोठ्याने सांगितलं. आज सही झाली नाही तर पुस्तक निघणार नाही, ते दुसऱ्याचं निघेल.

"दुसऱ्याचं कुनाचं?"

"माझं," मी म्हणालो. मॅडमचं नेलकटर थांबलं. एवढं त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं.

आजींनी मला एकदा खालून वर न्याहाळलं. मग मॅडमना म्हणाल्या, "सही कर गं. म्हस मरून लई वर्सं झाली. मान काय आन शेपटी काय."

मॅडम उठल्या. भिंतीला कागद लावून त्यांनी सही केली, अगदी सावकाश, पूर्ण नावाची. कागद माझ्याच हातात दिला. "तुम्हीच पाठवा," म्हणाल्या. एवढंच.

मग त्या परत खाली बसल्या आणि दुसरा हात मागितला. आजींनी तो पदराखाली घेतला.

"ह्यो ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "ह्यो म्होरल्या आयतवारी."