‘नको’ची पेटी

निवडणुकीत उमेदवार जितके कमी, तितकी लोकशाही निर्मळ. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशात ती निम्मीच निर्मळ झाली आहे. आमचा हरिबा साखर कारखान्याची यंत्रं बसवायला तिकडं गेला होता. परवा गावी आला आणि पारावर सांगू लागला. देशात पक्ष एक, राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एक, तरी मतदान होतं. हिरवी चिठ्ठी ‘पाहिजे’ची, लाल ‘नको’ची. ‘नको’ची पेटी पोलिसाच्या पायाशी. निकाल शंभरात नव्व्याण्णव ‘पाहिजे’.

आम्ही पोट धरून हसलो. (एकच उमेदवार असताना मतदान घेतात. मागासलेले लोक.) आमच्या पाणीपुरवठा संस्थेत नाथाजीआबा बावीस वर्षं बिनविरोध अध्यक्ष आहेत. एवढ्या काळात एकाही सभासदाच्या बोटाला शाई लागलेली नाही. कारभाराचं सांगता येत नाही, बोटं तरी स्वच्छ आहेत.

हसली नाही ती बनुबाई. तिचं रान पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला. पाणी तिथवर पोचत नाही, ऊस उभा वाळतोय. (सेक्रेटरीचं, म्हणजे माझं, रान पाइपलाइनच्या तोंडाशी आहे. त्याचा इथं संबंध नाही.)

“हरिबा, म्हंजी तितं नको म्हनाया पेटी हाय व्हय?”

“हाय की आत्ती. पर पोलीस बगतोय.”

“बगू दे की. हितं कोन बगतंय माज्याकडं?”

आठवड्यानं वार्षिक सभा झाली. आमच्या सभेला वेग असतो. मी विषय वाचायचा, मंडपानं “मंजूर, मंजूर” म्हणायचं. अनुभवी सभासद विषय वाचण्याआधीच मंजूर करतात, कारण मागं जिलेबी थंड होत असते. विषय चौथा: आबांनाच अध्यक्ष म्हणून पुढं चालू ठेवणे. मी श्वास घ्यायला थांबलो, तेवढ्यात बनुबाईनं माइक धरला.

“आबास्नी माजा इरोध हाय. पानी येत न्हाई. दुसरा मानूस बगा.”

“मंजूर, मंजूर,” मंडप म्हणाला.

आपण काय मंजूर केलं, हे बावीस वर्षांत आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. आबा खुर्चीतून अर्धे उठले होते, ते तसेच राहिले.

“आरं गड्या, आबा पडलं की रं,” बिराप्पा शेजाऱ्याला म्हणाला.

“पाडलं कुनी?”

“आपुनच की.”

मी प्रसंगावधान राखून पुढचा विषय वाचला: मागील विषय रद्द करून आबांची फेरनिवड.

“मंजूर, मंजूर.”

आबा बसले. इतिवृत्तात मी लिहिलं: ‘श्रीमती बनुबाई यांचा विरोध सर्वानुमते मंजूर झाला, सबब विरोध शिल्लक नाही.’

जिलेबी न खाता बनुबाई निघाली. माझ्यापाशी थांबून म्हणाली, “सेक्रेटरी, त्यो हरिबाचा पोलीस बरा हो. पेटीपाशी हुबा तरी हुता.”

तेव्हा आता शेवटचा विषय, वाचकांसाठी: बनुबाईचा ऊस वाळू द्यावा. कुणाचा विरोध असल्यास सांगावे.

गप्प आहात.

मंजूर.