साळवे सरांच्या घरात दहाजण

साळवे सरांना कुणी वय विचारलं, तर ते दोन हजार दोनशे दोन सांगतात. समोरचा हसला की भडकतात. चौऱ्याहत्तर हा आकडा त्यांच्या लेखी अंधश्रद्धा आहे. माणसाला दहा बोटं निघाली म्हणून साऱ्या जगानं दहात मोजायचं, याचा त्यांना मनापासून राग आहे.

क्रांती चौकामागच्या आमच्या इमारतीत ते माझ्या समोरच्या दारात राहतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलेला माणूस. शून्य, एक आणि दोन, एवढेच आकडे ते मानतात. दोन संपले की एकावर शून्य. म्हणजे तीन लिहायचे १०, आणि नऊ लिहायचे १००.

"एक भाकर तिघांत वाटा," ते मला जिन्यात अडवून म्हणतात. "तुमच्या दशमानात तुकडा पुराच व्हत नाय. पॉइंट तीन तीन तीन, मरेस्तोवर. आमच्यात पॉइंट एक. वाटणी खलास."

त्यांच्या पद्धतीत आकड्यांची बेरीज सम आली की संख्याही सम. मी घरी जाऊन पडताळलं, खरं निघालं. दशमानात तर नुसत्या शेवटच्या आकड्यावरून कळतं, असं मी म्हणालो, तेव्हा सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

यंदाच्या उन्हाळ्यात नळ आटले आणि टँकर सुरू झाला. माणशी दोन बादल्या. सचिव देशमुखांनी घरोघरी अर्ज भरून घेतले. 'घरातील माणसे' या रकान्यात सरांनी लिहिलं: १०.

पंधरा दिवसांनी सभेत देशमुखांनी तो कागद सगळ्यांसमोर धरला. मास्तर असून पाण्यासाठी खोटं लिहिता, असं म्हणाले.

सर उभे राहिले. "खोटं मी उभ्या जन्मात लिहिलं नाय. ते दहा नाय, तीन हायेत. वाचता येत नसंल तर शिकून घ्या, देशमुख साहेब."

देशमुखांच्या बोलण्यानं माझंही डोकं फिरलं होतं. सर टँकरवरून रोज दोनच बादल्या पाणी नेत होते, आणि ते एकाच्याही नजरेला आलं नव्हतं.

"बरं, तीन," देशमुख म्हणाले. "कोण कोण?"

"मी, आमच्या मंडळी, अन् पोरगी..." सर म्हणाले आणि थांबले.

वहिनींना जाऊन वर्ष होत आलं होतं. मुलगी लग्न होऊन नांदेडला. सभेतल्या प्रत्येकाला हे ठाऊक होतं. देशमुख खुर्चीत चुळबुळले. मी मान वर केली नाही. माझी बायको हिवाळ्यात गेली. तरी माझ्या अर्जात 'दोन' होतं, आणि मला कुणी उभं केलं नव्हतं.

सरांनी कागद मागून घेतला. पेन काढलं, आणि १० मधल्या नुसत्या शून्यावर काट मारली.

"हा एक कुठल्याबी पद्धतीत एकच राहतो," ते वर्गात सांगावं तसं सावकाश म्हणाले. "आता वाचायला अडचण नाय."