कोळवणची बाग आणि साहेबांचा कोंबडा

"बाबा, रस्ता विचारला की माणूस उंचीला कमी होतो का?"

हा प्रश्न मुळात गौतमीचा नव्हताच. तो तिच्या मैत्रिणींचा, जान्हवी आणि किमयाचा होता. घरी विचारून दाखव, असं त्यांनी आव्हान दिलं होतं. कारणही तसंच होतं. वक्तृत्व स्पर्धेसाठी तिघींना लवळ्याला नेताना गौतमीच्या बाबांनी एकाच टेकडीला इतक्या प्रदक्षिणा घातल्या, की तेवढ्यात एखादा देव प्रसन्न झाला असता. देव झाला नाही, स्पर्धा मात्र संपली.

आईला ठसका लागला. बाबांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि शांतपणे सांगितलं, की ज्याची स्मरणशक्ती शाबूत आहे त्याला विचारायची गरज पडत नाही.

"मग मी तुमचीच मुलगी," गौतमी म्हणाली.

नववीत गेल्यापासून तिला आत्मविश्वास फुटला होता, अक्कलदाढेसारखा. फक्त त्यात अक्कल यायची बाकी होती. कोळवणच्या पुढे डोंगरावर एक बाग होती. गौतमी पाच वर्षांची असताना सगळे तिथे गेले होते. फुलांचे वाफे, उंच घसरगुंडी, गार वारा, खाली हिरवंगार खोरं! त्या बागेत ती कुणालाही न विचारता सगळ्यांना नेऊन दाखवणार होती. पैज अशी: पोचली, तर मे महिन्यातल्या गिर्यारोहण शिबिराला एकटीनं जायची परवानगी. नाही पोचली, तर शिबिराचं नाव काढायचं नाही. बाबांनी लगेच टाळीसाठी हात पुढे केला. शिबिराचा विषय इतक्या सहज मिटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

रविवारी चांदे गावातल्या घरून मारुती निघाली. गौतमी पुढच्या सीटवर सेनापतीसारखी बसली होती. वडाला डावीकडे, म्हणाली, तर गाडी थेट कुणाच्या तरी खळ्यात शिरली. खळ्यावरची माणसं वाट सांगायला धावली, पण नियम म्हणजे नियम. काचा वर करून गाडी मागे घेतली.

आणि मग खरंच आठवणीतलं फाटक आलं. चुन्यानं रंगवलेले दगड, शेवंतीचे वाफे, खाली खोरं. गौतमीचा जीव भांड्यात पडला, आणि भांडं ओसंडून वाहायला लागलं.

फाटक उघडायला राखणदार कोंडाजी लगबगीनं आला. "या, या. सकाळधरनं वाट बघतुया."

बाबांनी तिकिटाचं विचारलं. कोंडाजीनं कानाला हात लावले. "तुमास्नी कसलं आलंय तिकीट? सायेब मला कामावर ठेवायचं न्हाईत."

इतका नम्र सरकारी माणूस बाबांनी जन्मात पाहिला नव्हता. कोंडाजीनं खुर्च्या मांडल्या. त्याची बायको सारजाबाई चहा घेऊन आली, आणि कोंबडा झणझणीत करू का बेताचा, असं विचारून गेली. आता मात्र आईला शंका आली. हे नक्की काय आहे ते विचारूया का, असं ती हळूच म्हणाली.

"विचारायचं नाही," बाप-लेक एका सुरात म्हणाले.

हल्ली बागा ठेक्यानं चालवायला देतात, असा खुलासा करून बाबांनी आंबेमोहोर भातावर पुन्हा पुन्हा रस्सा घेतला. वर कोंडाजीला सूचनाही केल्या. झोपाळा करकरतो, बाकं कमी आहेत, पाट्या लावा. कोंडाजी मान डोलवत राहिला. आईनं येता-जाता चार लिंबं तोडली.

हाडं चोखून होतायत तोच फाटकाशी जीप थांबली. एक गृहस्थ उतरले, मागोमाग भुकेनं कावलेली पाच माणसं. "कोंडाजी, पाहुणे आलेत. कोंबडा झाला का?"

कोंडाजी एकदा जीपकडे बघे, एकदा बाबांच्या ताटाकडे. साहेबांचे पाहुणे येणार, एवढाच निरोप त्याला मिळाला होता. आणि ही बाग नव्हतीच. साहेबांचं फार्महाऊस होतं!

मागच्या बाजूनं निघू, असं बाबा पुटपुटले. त्यांनी एक बूट घातलासुद्धा. तिकडे परक्या माणसांना आत घेतलंसच कसं म्हणून साहेबांचा आवाज चढत होता, आणि सारजाबाई कोरडे हात पुन्हा पुन्हा पदराला पुसत होती. ही बाग नाही असं कबूल केलं, की शिबिर गेलं. गौतमी उठली.

"साहेब, चूक कोंडाजीमामांची नाही. मला ही बाग वाटली, आणि कुणाला विचारायचं नाही ही माझीच पैज होती. कोंबडा आम्ही खाल्ला. फार छान झाला होता."

शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. पण त्यावरच पाहुण्यांतल्या एका बाईंना हसू फुटलं. मग बाबा एका बुटानिशी लेकीशेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. आईनं घरून आणलेली थालीपिठं, तिळाची चटणी आणि ती चार लिंबंही पुढे ठेवली. पहिल्या घासाला साहेबांचा आवाज उतरला.

गौतमी पायरीवर बसून डोळे पुसत होती. सारजाबाईनं खोदून विचारलं, तेव्हा ती शिबिराचं सगळं सांगून मोकळी झाली.

"मंग रडतीस कशापायी? हितं बागच व्हती की. बंद पडली, मंग सायबांनी जागा घेतली. जुनी घसरगुंडी हाय की गोठ्यामागं."

गौतमी पळतच सुटली. गोवऱ्यांच्या ढिगाआड सिमेंटची घसरगुंडी उभी होती. डोंगराएवढी आठवत होती, निघाली खांद्याएवढी.

"हीच कशावरून?" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"बसून दाखवते."

ती चढली, बसली, सुटली, आणि निम्म्यावर दोन्ही कठड्यांत गच्च रुतली. पुढे सरकेना, मागे सरकेना. साहेब आले, कोंडाजी आला. पाहुणे तर हातात थालीपीठ घेऊनच आले.

गौतमीनं मान ताठ केली.

"आई, बाबा, मी शिबिराला जाणार. एकटी. आधी दोघं मिळून मला बाहेर ओढा."