रतनच्या लाल चिठ्ठ्या

माझ्या गोठ्याच्या दाराला सहा वर्षं झाली एक लाल चिठ्ठी लटकतेय. ऊन-पावसानं ती विटली, म्हशीनं तिचा एक कोपरा खाल्ला, पण अक्षर अजून वाचता येतं. "रिजेक्ट. कारण: कडी फक्त बाहेरून. माणूस आत अडकल्यास काय?" खाली सही, रतन गायकवाड.

मी खरंच आत अडकलो होतो. वाऱ्यानं दार लागलं, कडी पडली आणि तासभर म्हशीशी बोलत बसलो. रतननं सोडवलं, पण आधी बाहेर उभं राहून कडी नीट बघितली, चिठ्ठी लिहिली, सुतळीनं बांधली, मग कडी काढली.

"आधी दार उघड की रं मुडद्या," मी आतून म्हणालो.

"दोन मिन्टं, आबा. पुरावा हलवायचा नसतो."

हा रतन न्हावऱ्यात माझ्या शेजारी राहतो. भिंतीला भिंत. वय अडतीसच्या आसपास, घरात एकटा. एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर लोखंडाचे तुकडे मापात आहेत का बघायचे, मापात असले तर हिरवी चिठ्ठी, नसले तर लाल. तो त्याला टॅग म्हणतो. कंपनीनं मधी चिठ्ठ्यांचा नमुना बदलला, तेव्हा जुन्या चिठ्ठ्यांचं एक पोतं भंगारात चाललं होतं. यानं साहेबाला विचारून ते घरी आणलं. तेव्हापासून गावातली कुठलीच वस्तू सुरक्षित नाही.

एसटीच्या थांब्यावरच्या बाकाला लाल चिठ्ठी आहे, "बाक उन्हात, सावली चार फूट लांब." गावच्या कमानीला होती, "खालून उसाची ट्रॉली जात नाही. कमान कुणासाठी?" ती सरपंचांनी स्वतः शिडी लावून काढली. कुणी घसरलं, कुणाचं बोट चेमटलं, की रतन माणसाला कधी बोलत नाही. वस्तूकडं बघतो आणि म्हणतो, "डिझाइनमधी फॉल्ट हाय."

लग्नाचं म्हणाल तर कासुर्डीला स्थळ बघायला गेलो होतो, मी आणि माझी बायको सरू त्याच्याबरोबर. पोरगी चांगली, शिकलेली. पोहे आले, चहा आला. रतनचं ध्यान कोपऱ्यातल्या कूलरवर. निघताना आम्ही चपला घालेस्तोवर यानं कूलरला चिठ्ठी बांधली, "पाणी भरायचं तोंड भिंतीकडं." मुलीचा निरोप तिसऱ्या दिवशी आला. माणूस वाईट नाही, पण उद्या मलाच चिठ्ठी बांधील.

हिरवी चिठ्ठी त्यानं गावात एकदाच दिली. आमच्या सरूच्या पाट्या-वरवंट्याला. "ओके. काहीही बदलू नये." सरूनं ती वाचून घेतली आणि त्याला वाटीभर शेंगदाण्याची चटणी दिली.

पण हे सगळं वरवरचं. त्याचा खरा राग एका खेळावर आहे.

तुम्हाला तो खेळ माहीत असेल, नसेल. जपानात निघाला म्हणतात. हातात मावेल एवढं मशीन. त्यात गवतात शिरायचं, चित्रविचित्र जनावरं पकडायची, पाळायची, दुसऱ्याच्या जनावराशी झुंजवायची. लहान जनावर लढून लढून एक दिवस मोठं होतं, रूप बदलतं. दर दोन-चार वर्षांनी खेळाचा नवा भाग येतो. रतन शाळेत असल्यापासून खेळतो. त्याच्या घरात भिंतीला ओळीनं खिळे आहेत, एकेका खिळ्याला एकेका भागाची, मशीनमधी घालायची डबी, आणि एकेका डबीला लाल चिठ्ठी. काही डब्यांना तीन-तीन.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की तो सरळ माझ्या ओट्यावर यायचा आणि सुरू व्हायचा.

"आबा, आता एक जनावर लढतं आन् अनुभव सहाच्या सहा जनावरांना मिळतो. बाकीची पाच नुस्ती बसून. आन् हे बंदच करता येत न्हाई."

"म्हंजी ग्रामपंचायत," मी म्हणायचो.

"आन् जनावर कसं पकडायचं ते दर भागात पहिल्यापास्नं शिकवत्यात. अर्धा तास. मधी थांबवता येत न्हाई. वीस-पंचवीस वर्सं पकडतोय मी."

हे मला पटायचं. आमच्याकडंही दर हंगामाला एक साहेब येतो आणि मला कांद्याचं रोप कसं लावायचं ते सांगतो.

खेळात एक शेजारी असतो, त्याच्याशी आपली चढाओढ. रतन म्हणतो, पहिल्या भागातला शेजारी कसा पायजे तसा होता, टोमणे मारायचा, आपण हरलो की हसायचा. आताचा शेजारी लढाईआधी येऊन आपल्याच जनावरांना औषध देतो. "शेजारी हाय का नर्स?"

"तुला कुठला पायजे?"

"तुमच्यासारखा," तो म्हणाला. मी चहा प्यायला लावला त्याला. दुसरं काय करणार?

एवढा राग आहे तर खेळतोस कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाला, "माणूस शिव्या आपल्याच बैलाला देतो, आबा. दुसऱ्याच्या बैलाला कोण देतंय?"

त्याचे दोन राग मात्र मोठे. पहिला असा, की काही जनावरं कितीही लढली तरी मोठी होत नाहीत. ती दुसऱ्या माणसाच्या मशीनमधी धाडावी लागतात, तिथं पोचली की मग रूप बदलतात. दोन मशीनं, मधी वायर आणि दोन माणसं. "एकट्या माणसाचा खेळ पुराच होत न्हाई. ज्याला दुसरं माणूस न्हाई त्यानं काय करायचं? फॉल्ट हाय हा."

त्यासाठी त्यानं दौंडला स्टेशनजवळच्या एका दुकानातून जुनं मशीन आणलं, तो स्वतः खेळायचा तोच जुना भाग घालून, आणि माझ्यापुढं धरलं. मी म्हणालो, मला खरी म्हैस आवरत न्हाई, ही कुठनं आवरू?

आतून सरू म्हणाली, "आवं, दाबा की एक बटन. किती आशेनं आलाय तो."

"तू दाब."

"दाबते."

चुलीपुढचे हात पदराला पुसून ती आली, आणि पुढची पाच वर्षं ते मशीन तिचं झालं. आधी नुसतं बटन दाबायची, रतनचं जनावर घ्यायची आणि परत धाडायची. मग हळूहळू स्वतः गवतात शिरायला लागली. दोघं ओट्यावर वायर लावून बसायचे आणि मी बाजूला तंबाखू मळत. एक जनावर तिनं स्वतः पकडलं होतं, तेवढंच पाळलं. रतनची शंभर जनावरं तिच्या हातून मोठी झाली, पण तिचं ते एक तिनं कधी त्याच्या मशीनमधी धाडलं नाही.

"काकू, एकदा द्या, लगीच परत देतो. मोठं हुईल ते."

"आपलं जनावर दुसऱ्याच्या दारात कशाला बांधायचं? आन् मोठं झालं की बाजाराला जातं. ऱ्हाऊ दे हाय तसं."

रतन माझ्याकडं बघायचा. मी म्हणायचो, "हितं तुझी चिठ्ठी चालायची न्हाई."

दोन वर्षांमागं सरू गेली. सकाळी छातीत कळ आली, शिरूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्यावर मला जास्त लिहिता येत नाही.

रतन तेरा दिवस आमच्या दारात होता. पाणी भरलं, म्हशीची धार काढली. मशीनं दोन्ही त्यानं नेली. पुढं तो रोज संध्याकाळी यायचा, पण आता त्याच्या तोंडी एकच राग राहिला, तो दुसरा. नव्या भागात जुनी निम्मी जनावरं घेत नाहीत. यादी केलीय, यादीत नाव असलं तर आत, नाहीतर नाही.

"इतकी वर्सं सांभाळलेली जनावरं, आबा. त्यांनी जायाचं कुठं?"

चहाच्या टपरीवर हेच बोलत होता, तर जनावरांच्या एका दलालानं कप खाली ठेवला. "कंच्या भागात घेत न्हाईत? सरकारचा नवा नियम हाय का?"

"सरकार न्हाई. जपान."

पुढच्या बाजारात लोक मला विचारत होते, जपाननं गावरान गाई बंद केल्यात हे खरं का.

पण हसू तरी किती दिवस येणार. दोन वर्षं रोज तेच. एक दिवस माझं डोकं फिरलं. सरूच्या दुसऱ्या वर्षश्राद्धाचा आठवडा होता, हे कारण मला पुढं करता आलं असतं, पण केलं नाही. मी म्हणालो, "एक जनावर न्हाई घेतलं तर मरतं का रं कुणी? माझं खरं माणूस गेलं. तू खोट्या जनावरांचं रडगाणं घेऊन माझ्या दारात येऊ नको."

तो उठला. चहा तसाच. चप्पल घालून गेला आणि तीन आठवडे आला नाही. भिंतीपलीकडून त्याच्या भांड्यांचा आवाज यायचा, तेवढाच. मीही गेलो नाही. मला माफी मागता येत नाही. सरू असती तर तिनं मला ढकललं असतं.

चौथ्या रविवारी दुपारी तो आला. हातात डाग द्यायची, म्हणजे कथलानं वायरी जोडायची पेटी, पाबळला राहून तो ते काम शिकलाय. दुसऱ्या हातात सरूचं मशीन. मशीनला लाल चिठ्ठी, पण तिच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. कारण न लिहिता त्यानं चिठ्ठी बांधलेली मी पहिल्यांदाच बघितली.

"आबा, बोलू का?"

"बस."

तो बसला. "जुन्या भागाच्या डबीत घड्याळाच्या सेलासारखा एक सेल असतो. त्याच्यावर आतलं सगळं टिकून असतं. काकूंचा सेल उतरलाय. आतलं घड्याळ बंद पडलं. आता म्हैनाभर टिकंल, न्हाईतर उद्या जाईल."

"काय जाईल?"

"काकूंचं जनावर."

तो मशीनकडं बघूनच बोलत होता. "नव्या भागात न्यायचं म्हणलं तर त्याचं नाव यादीत न्हाई. दोन वर्सं वाट बघतोय, घेतील म्हणून. दर रविवारी चालू करून बघतो, हाय का. नवीन खेळ कवाच चालू केला न्हाई त्याच्यात, केला की जुनं पुसतं. माझ्या मशीनमधी घेतलं तर वाचंल, पण मोठं हुईल, आन् काकूंनी नको म्हणलं हुतं."

तेव्हा मला कळलं, दोन वर्षं हा माझ्या ओट्यावर कशाचं रडत होता. मी तंबाखूची डबी उगाच उघडली आणि बंद केली.

"सेल बदल की मग."

"सेल काढला की पुसतं. बाहेरून दुसरी बॅटरी जोडून धरायची, आन् मग बदलायचा. वायरी हलल्या तर सपलं. एकट्याला दोनच हात." मग खालच्या आवाजात म्हणाला, "आन् तुमचं हाय ते. तुम्हाला इचारल्याबिगार हात लावू वाटंना."

मी ओट्यावर बसलो. त्यानं डबी उघडली. दोन पेन्सिल सेल चिकटपट्टीनं जोडले होते, त्यांच्या दोन वायरी. एक माझ्या उजव्या हातात, एक डाव्या. कुठं टेकवायच्या ते दाखवलं. गव्हाच्या दाण्याएवढी जागा. माझे हात एरवी चहाचा कप धरताना कापतात. अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढताना कापत नाहीत. म्हणून मी तेच काम आहे असं समजून श्वास धरला.

"आबा, श्वास घ्या. चालतं."

"तू तुझं बघ."

डागाचा वास आला. जुना सेल निघाला, नवा बसला. नाकावरचा घाम त्यानं खांद्याला पुसला. "सोडा आता."

माझी बोटं सुटेनात. त्यानंच एकेक करून सोडवली.

डबी मशीनमधी घातली, बटन दाबलं. जरा वेळ काळं, मग उजेड. आणि तिथं ते होतं. गोलमटोल, मान नसलेलं, डोळे मिटून बसलेलं.

"हे काय करतंय?"

"झोपलंय. लढायला काढलं की पयलं झोपतं. मग उठून खातं. काकू म्हणायच्या, घरच्यासारखं हाय."

त्याच्या डोक्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं होतं. मी चौथी शिकलेला, मला इंग्रजी येत नाही. सरूलाही येत नव्हतं.

"हे काय लिवलंय?"

"नाव. पकडलं की नाव द्यावं लागतं. मी म्हणलं, काकू, आबांचं द्या. तर म्हणाल्या, त्यांचं नाव मी घेत न्हाई. मग म्हणाल्या, लिव तू, मी ज्या नावानं हाक मारते ते. मी लिवलं."

"वाच की मग."

"आवं," रतननं वाचलं.

आणि बेचाळीस वर्षांच्या सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "ओ."

रतननं मान वर केली नाही. मशीनची लाल चिठ्ठी सोडली, तिची घडी घातली आणि पेटी आवरत बसला.