वत्सलाबाईंची गादी

फोन खांद्यात दाबून शेळीची धार काढायची, ही मुंजाजीरावांची सवय साऱ्या घाटनांदूरला ठाऊक. त्या दिवशी मात्र ती भलतीच नडली.

"दादा," बीडच्या दवाखान्यातून त्यांचा मुलगा नवनाथ सांगत होता, "आईची गादी पार झिजली म्हणतेत डॉक्टर. नवी बसवावी लागंल. कृत्रिम."

"कृत्रिम? म्हंजी फोमची?" मुंजाजीराव असे उसळले की शेळीनं भांडं लाथाडलं. "आरं, कापूस पिकवणारं घर आपलं! तुज्या आईला फोमवर घाम येतो. मी येस्तोवर गादी-बिदी कायबी बसवू देऊ नगं!"

फोन बंद. नवनाथनं कपाळावर हात मारला. दादांचा ऑपरेशनला विरोध! डॉक्टर म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत थांबतो, पुढं जमणार नाही." आधीच घाबरलेल्या वत्सलाबाईंनी भिंतीकडं तोंड केलं. "ते आल्याबिगर मी आत जात न्हाई."

इकडं मुंजाजीरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. बायकोचा पाय बधिर झालेला, कंबर सरळ होईना, आणि घर कसं खायला उठलेलं. रात्रीतून शिवशंकर पिंजाऱ्याला उठवून त्यांनी पांढऱ्याशुभ्र कापसाची गादी भरून घेतली आणि पहाटेची एसटी गाठली.

मांजरसुंब्याला गाडी थांबली. टपावरची गादी बघून चहावाल्यानं विचारलं, "कुणाची गादी हो?"

"बायकोची. जुनी गेली."

"आरारा! सरपंच होत्या का?"

"तू चहा दे बे गपगुमान!"

दवाखान्याची लिफ्ट नेमकी बंद. डोक्यावर गादी घेऊन मुंजाजीराव धापा टाकत जिने चढले आणि थेट वत्सलाबाईंच्या खोलीत शिरून त्यांनी गादी जमिनीवर टाकली. "घ्या डॉक्टरसायब! बसवा आता!"

डॉक्टरांनी गादीकडं पाहिलं, नवनाथकडं पाहिलं. मग खिशातून एक छोटासा नमुना काढून त्यांनी मुंजाजीरावांच्या तळहातावर ठेवला. "काका, गादी म्हणजे ही. दोन मणक्यांच्या मधली."

मुंजाजीरावांनी ती चकती उलटीपालटी केली. "एवढीशी? हिच्यावर कुणी झोपावं?"

खाटेवरून फुस्सकन आवाज आला. कित्येक दिवसांत न हसलेल्या वत्सलाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. हसता हसता कंबर दुखत होती, तरी हसत होत्या. "आवं, माज्यासाठी एवढी गादी डोईवर आणली व्हय? न्या मला आत, डॉक्टर. आता भ्या न्हाई वाटत."

मुंजाजीरावांचे डोळे भरून आले. ते लपवायला म्हणून ते गादी उचलायला वाकले आणि "आयाया!" करत तिथंच अडकले.

डॉक्टरांनी तपासलं. "तुमची गादी जागेवर आहे, काका. नुसती उसण भरलीय. पडून राहा."

"कुठं?"

सगळ्यांनी एकदमच खाली बोट दाखवलं.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नर्सचा हात धरून वत्सलाबाई पहिल्यांदा उभ्या राहिल्या. ताठ. एक एक पाऊल टाकत त्या खाटेला वळसा घालून आल्या. खाली कापसाच्या गादीवर मुंजाजीराव आडवे पडले होते.

"वच्छे, चालली की गं तू!" त्यांनी पडल्यापडल्याच मान उचलली. "कशी हाय नवी गादी?"

"बरी हाय." वत्सलाबाईंनी गादीकडं निरखून बघितलं. "पर माजी ही गादी लोळून लोळून दबवू नगासा. उठा आता, मला सांभाळायला आलतासा न्हवं?"