शुद्धिपत्रावरची तारीख

ज्या छायाचित्रावर तारीख नाही ते छायाचित्र नसून निव्वळ ऐकीव बातमी आहे, असे वेलांटीकाकांचे ठाम मत होते.

छापखान्यात सदतीस वर्षे मुद्रिते तपासलेल्या गृहस्थाचे मत असे असणे स्वाभाविकच होते. दुसऱ्याच्या ऱ्हस्वदीर्घावर झडप घालण्याचा त्यांचा वेग पाहून खिळे जुळवणाऱ्यांनी त्यांना हे नाव बहाल केले होते. निवृत्तीनंतर मुद्रिते संपली, तेव्हा ते दुकानांच्या पाट्या, औषधांच्या वेष्टनांवरील सूचना आणि पत्नीने लिहिलेली सामानाची यादी तपासू लागले. (एकदा ती यादी इतकी शुद्ध झाली, की सामान आणायचेच राहून गेले.)

नातीच्या पाचव्या वाढदिवशी तिला अल्बम द्यावा, असे त्यांनी ठरवले. आईवडिलांच्या लग्नापासून आजवरची अठ्ठेचाळीस छायाचित्रे, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात तारीख.

"अहो, तारीख कशाला?" पत्नी म्हणाली. "फोटोत काय चाललंय ते दिसतंय की."

"काय चाललंय ते दिसतं, कधी चाललंय ते दिसत नाही. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे?"

"इतिहास!"

"त्याला माझा नंबर तेवढा देऊ नका," असे म्हणून पत्नी कपडे वाळत घालायला निघून गेली.

काकांनी संगणकावर तारखा उमटवणारा एक प्रोग्राम घेतला. त्याची सोळा पानी सूचनापुस्तिका कागदावर छापून घेऊन त्यांनी ती तांबड्या शाईने तपासली. बारा स्वल्पविराम सुधारले. दिवस आधी की महिना आधी, हे ठरवण्याची सोय पान नऊवर होती. परंतु त्या पानावरील एका अर्धविरामाने काकांना इतका मनस्ताप दिला, की मजकुराकडे लक्ष देण्याचे भान त्यांना उरले नाही. 'या फोल्डरमध्ये येणाऱ्या प्रत्येक चित्रावर तारीख आपोआप उमटावी' ही सोय मात्र त्यांनी अभिमानाने चालू करून ठेवली.

नमुन्यादाखल त्यांनी नातीच्या जन्माचे छायाचित्र घेतले. नात अकरा नोव्हेंबरची. कोपऱ्यात नारिंगी आकडे उमटले: ११/११/२०१८. काकांनी ते भिंगातून पाहिले, चष्मा बदलून पाहिले आणि समाधानाने मान डोलावली. पुढे उरलेल्या सत्तेचाळीस चित्रांवर प्रोग्रामने एका दमात तारखा उमटवल्या. त्या काकांनी पाहिल्या नाहीत. पहिला नमुना निर्दोष असेल, तर पुढच्या हजार प्रती पाहणे हा छपाईयंत्राचा अपमान होय, अशी त्यांची शिकवण होती. चित्रे परस्पर फोटो स्टुडिओत गेली आणि बांधलेला अल्बम वाढदिवसाच्या दिवशीच, कागदात गुंडाळलेला, लेकीच्या घरी पोहोचला.

काका पत्नीसह पोहोचले तेव्हा तिथे लेक, जावई, विहीणबाई आणि जावयाची आत्या अशी मंडळी जमली होती. आत्याबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. लग्नाच्या वेळी त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता, त्यामुळे तो सोहळा त्यांनी पाहिला नव्हता. अल्बम प्रथम त्यांच्याच हाती देण्यात आला.

त्यांनी पहिले पान पाहिले: वधूवर, ०१/०८/२०१८. दुसरे पान पाहिले: दुपट्यात गुंडाळलेली नात, ११/११/२०१८. पुन्हा पहिले पाहिले. मग त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून हळूहळू फिरू लागला.

"ऑगस्ट... सप्टेंबर... ऑक्टोबर... नोव्हेंबर." त्यांनी चष्मा खाली सरकवला. "जन्मली तेव्हा साडेतीन किलोची होती म्हणालात ना?"

"हो ना! चांगली गुटगुटीत होती!" विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या.

"तीन महिन्यांच्या मानानं फारच."

लेकीचा चेहरा लाल झाला.

"आत्या, अहो, लग्न जानेवारीत झालं! आठ तारखेला!"

"इथं एक ऑगस्ट छापलंय."

"मग काहीतरी चुकलंय," जावई पुटपुटला.

'चुकलंय' हा शब्द कानी पडताच काका खुर्चीतून ताडकन उठले. कोणती तारीख, कोणाची तारीख, हे पाहण्याचीही त्यांना गरज वाटली नाही. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"आत्याबाई, या अल्बममधली एकूण एक तारीख खरी आहे. सदतीस वर्षांत माझ्या हातून चुकीचा आकडा बाहेर पडलेला नाही. लिहून देतो हवं तर!"

(आपल्याच कन्येविरुद्ध इतकी निःसंदिग्ध साक्ष देणारा पिता विरळाच.)

छापील आकड्यांचा दरारा असा, की लग्नाला हजर असलेली माणसेही डळमळली.

"मी तर स्वेटर घातला होता," विहीणबाई चाचरत म्हणाल्या. "ऑगस्टमध्ये कशाला घातला असेल गं मी?"

"आई, जानेवारी होता म्हणून!" जावई ओरडला.

"असू दे, असू दे," आत्याबाईंनी पर्स उचलली. "हल्ली चालतं. मी कोणाला काही बोलणार नाही. बसची वेळ झाली माझी."

दार लागले तशी लेक हुंदका देऊन म्हणाली, "कोणाला नाही म्हणजे सगळ्यांना! बाबा, आत्यांच्या फोनमध्ये अख्खं सासर आहे!" आणि तिने रागारागाने पाने उलटायला सुरुवात केली. पाचव्या पानावर ती थबकली. तिथे नातीचा पहिला दात होता, आणि खाली: ०६/१९/२०१९.

"बाबा, एकोणिसावा महिना कुठला हो?"

काकांनी पाहिले. खिशातून भिंग काढून पुन्हा पाहिले. आधी महिना, मग दिवस! आठ जानेवारी उलटी होऊन एक ऑगस्ट झाली होती; अकरा नोव्हेंबर मात्र उलटसुलट कशीही सारखीच, आणि नेमकी तीच त्यांनी तपासली होती.

घरी परतताना पत्नी वाटेत एवढेच म्हणाली, "इतिहासानं विचारलं बरं का."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांनी शुद्धिपत्र लिहायला घेतले. प्रोग्राम दुरुस्त करणे नंतरचे. चूक कबूल करणे आधीचे, हा छापखान्याचा नियम. सुवाच्य अक्षरात त्यांनी लिहिले: 'पृष्ठ एकवरील तारीख ८ जानेवारी अशी वाचावी. पृष्ठ एक व दोन यांतील अंतर तीन महिने नसून दहा महिने तीन दिवस समजावे. कन्या निर्दोष आहे. दोष मुद्रितशोधकाचा.'

शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा वाचले, परंतु खोडले नाही.

मग कागदाचे छायाचित्र काढून त्यांनी ते संगणकातल्या त्याच फोल्डरमध्ये उतरवले आणि तिथून सासरमाहेरच्या सामाईक ग्रुपवर पाठवले. ग्रुपात बासष्ट माणसे होती.

"अहो, चूक पाहिली एकट्या आत्यांनी!" पत्नी कळवळून म्हणाली. "आता बासष्ट जण विचारतील, काय झालं म्हणून!"

"चूक कानात सांगितली तरी दुरुस्ती चौकातच सांगायची असते."

चौक लगेच गजबजला. 'कसली चूक?' 'कोण निर्दोष?' 'तीन महिन्यांचं काय?' लेकीचे तीन फोन आले. काकांनी एकही उचलला नाही. दुपारी आत्याबाईंचा संदेश उमटला, आणि पत्नीने तो मोठ्याने वाचून दाखवला:

"शुद्धीपत्र मिळालं. कोपऱ्यात ११/१२ छापलंय, म्हणजे अकरा डिसेंबर. आज बारा नोव्हेंबर आहे, तेव्हा महिन्याभरानं उघडून वाचीन. तोवर सुनेला सांगा, माझा गैरसमज पूर्ण दूर झाला. ज्या माणसाला आजची तारीख घालता येत नाही, त्यानं लग्नाची काय घातली असेल ते गणित मला सुटलं."

लेकीची अब्रू वाचली होती. काका मान खाली घालून बसले. पत्नीने फोन त्यांच्यापुढे धरला. आत्याबाईंनी 'शुद्धीपत्र'मधली वेलांटी दीर्घ काढली होती. काकांचा हात सवयीने तांबड्या पेनाकडे गेला, क्षणभर थांबला, आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी दुसऱ्याची वेलांटी तशीच जाऊ दिली.