कोरड्या कालव्यातली नाव

नागोमामा नावेत बसून अंघोळ करायचे. नाव कालव्यात होती आणि कालव्यात पाण्याचा टिपूस नव्हता. दुष्काळाचं साल. गावातली माणसं टँकरमागं घागरी घेऊन पळतायत आणि हे साठीचे गृहस्थ लंगोटावर, कोरड्या कालव्याच्या मधोमध, लाकडी नावेत मांडी घालून डोक्यावर तांब्या ओततायत. वर काठावरच्या बघ्यांना शिव्या.

गावानं एवढंच लक्षात ठेवलं. परवा एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारचा एक तरणाबांड पोरगा सांगत होता, "आमच्या गावात एक येडं होतं. लोकायला प्यायला पानी न्हाई, आन् हे नावेला पानी पाजायचं!" पंगत खो खो हसली. मामा गेले तेव्हा या पोराचा जन्मही झाला नव्हता. मी पानावरून उठलो. पण उठून काय बोलणार? 'नावेला पाणी पाजणारा' हे नाव मीच पाडलेलं. शाळेतल्या खुर्चीत बसून, चहा पिता पिता.

म्हणून लिहितो. वय झालंय आणि राग आलाय. अर्धा त्या पोराचा, बाकीचा माझाच.

माझ्या आणि मामांच्या घरात एक भिंत. मी शाळेत मास्तर, ते मुदखेडला रेल्वेत गँगमन, सुट्टीला घरी यायचे. त्यांची एकुलती लेक कमल समोरच्याच गावात दिलेली. बायको आधीच गेलेली, त्यामुळं लेक नजरेसमोर राहावी म्हणून मुद्दाम जवळचं घर बघितलं. लग्न झालं तेव्हा दोन गावांच्या मधे फक्त वावरं होती. सांजच्याला कमल डोक्यावर पाटी घेऊन बापाला भाकरी द्यायला यायची. मग कालवा आला. पूल झाला तो कोसभर लांब. त्यातच लातूर नवा जिल्हा झाला आणि पलीकडचं गाव त्या जिल्ह्यात गेलं, आम्ही नांदेडातच राहिलो. मधे पूल मागायला गेलं की इकडचे साहेब म्हणणार तिकडं जा, तिकडचे म्हणणार इकडं जा.

मामा कडाडायचे, "सोयरीक केली तवा मधी ज्वारी होती. आता मधी जिल्हा हाय! माही लेक जाग्यावर बसल्या बसल्या परमुलखात गेली!"

कालव्याच्या ठेकेदारानं माल वाहायला एक नाव आणली होती. काम संपल्यावर ती काठावर टाकून गेला. मामांनी ती चार माणसं लावून उचलून आणली, दुरुस्त केली आणि आर-पार एक दोर बांधला. दोर धरून नाव ओढायची की पाच मिनिटांत परमुलूख.

तेव्हापासून मामांना दुसरा विषय राहिला नाही. आमच्या भागात नाव विकत घेणारा माणूस जन्माला यायचा होता, पण मामांचा सल्ला तयार असायचा. कुणी नवी फटफटी दाखवायला आणली की म्हणायचे, "बरी हाय. पान्यात काय कामाची?" आणि मग सुरू. "नाव म्हंजे म्हैस हाय, ध्यानात ठिव. रोज बघावं लागतं. लाकडाची पान्याची सवय मोडू द्यायची न्हाई. फळी वाळली की आकसती आन् सांधा तोंड वासतो. सांध्यात ताग ठोकायचा, वरून डांबर. डांबर कढत पाह्यजे, तुह्या बायकोच्या चहावानी कोमट न्हाई! भाईरून जवसाचं तेल. उन्हाळ्यात वर कापसाच्या पळाट्यायचा मांडव, आत ओलं गोणपाट. आन् नावेत साबण न्हाई! साबणानं लाकडाचं तेल जातं. ऐकून राह्यला का, बैताडा?"

दुष्काळात जनावरं मोजायला एक माणूस आला. त्यानं विचारलं, "मामा, जनावरं किती?"

"एक. लाकडाची. लिव्ह."

तो हसला, तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. मामांच्या शिव्यांतून सरपंच सुटले नाहीत, सोयरे सुटले नाहीत, देवळातला देवसुद्धा सुटला नाही. सबंध गावात त्यांनी शिवी न दिलेला माणूस एकच, मी. लोक म्हणायचे, गुरुजींचा मान राखतात. मीही तसंच हसून साजरं करायचो.

खरं कारण आम्हा दोघांनाच माहीत होतं.

आधी ते मलाही भरपूर शिव्या द्यायचे. घरी असले की भिंतीवरून सकाळी, "उठला का रे मास्तरड्या?" अशी हाक असायची. एका उन्हाळ्यात कालवा दुरुस्तीसाठी बंद ठेवला. मामांना मुदखेडहून सारखं घरी येणं जमणार नव्हतं. जाताना मला म्हणाले, "तुला सुट्टी हाय, मास्तरड्या. रोज एक बादली टाक नावेत. गोणपाट वलं ठिव. इसरला तर तंगडी मोडीन."

मी हो म्हणालो. आठवडाभर टाकलीही. मग कंटाळा आला. लाकडाला कसली आलीय तहान? तेव्हाच निकालाच्या कामाला शाळेत जमलो असताना मी तो पाणी पाजायचा विनोद केला. मास्तर मंडळी हसली. दुसऱ्या दिवशी बादली घेऊन निघालो तर मलाच हसू आलं आणि परत फिरलो. ते कायमचंच.

पावसाळ्यात कालवा भरून वाहू लागला. कमलचे दिवस भरले होते. तिला कळा सुरू झाल्या आणि घरचे तिला पलीकडच्या काठावर घेऊन आले, कारण नर्सबाई आमच्या गावात राहायची. मामा रजेवर आले होते. त्यांनी नाव पाण्यात लोटली. मधोमध जाईपर्यंत सगळे सांधे गळायला लागले. नाव बुडून तळाला बसली. मामा दोराला लटकून राहिले. शेवटी कमलला बैलगाडीत घालून पुलावरून आणलं. कमल वाचली. पोर गेलं.

पाणी ओसरल्यावर मामांनी नाव वर काढली. एकेका सांध्यातून बोट फिरवलं. मी भिंतीपाशी उभा होतो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तयार होतो. मारलं असतं तरी उभा राहिलो असतो. ते म्हणाले, "गुरुजी, जेवलात का?"

त्या दिवसापासून मी 'गुरुजी' झालो. 'अहोजाहो' झालो. शिव्या आपल्या माणसाला देतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ते कुणापाशी एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर गावानं मला जोड्यानं मारलं असतं. मीही बोललो नाही.

पुढं मामा रिटायर झाले, दुष्काळ पडला, आणि कमलला पुन्हा दिवस गेले. मामांनी नाव कालव्यात उतरवली आणि तिच्यात अंघोळ सुरू केली. वाट्याला येणारी एक बादली आणि प्यायची एक घागर. बादलीनं अंघोळ, तेच पाणी गोणपाटात.

लोक म्हणत, "मामा, कालवा तर कोरडा हाय. कमल चालत येईल की!"

"आन् त्याच दिशी पानी सोडलं तं? तुहा बाप येईल का पवत?"

एकदा चिडलेले चार जण नाव फोडून सरपण करायला आले. त्यांच्यात एक बाई होती, कडेवर पोर. ती म्हणाली, "मामा, लेकराला घोटभर न्हाई आन् तुमी लाकडाला पानी पाजून राह्यले!" माझे शब्द तिच्या तोंडी. मी काठावरच उभा होतो.

मामा नावेतून उतरले, घरात गेले, प्यायची घागर आणून तिच्या डोक्यावर ठेवली. "ही ने. बादली न्हाई मिळायची." स्वतः दिवसभर कोरडे राहिले. हे लग्नाच्या पंगतीत कुणी सांगत नाही.

कमलला लातूरच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. मामा तिच्याबरोबर निघाले. पिशवी घेऊन भिंतीपाशी आले.

"गुरुजी, नाव."

"मी? मामा, माझ्यावर कसं काय..."

"मंग कोनावर? पानी न टाकल्यावर काय होतं ते बाकीच्यायला म्हाईत न्हाई. तुमाला हाय."

आणि गेले.

दुसऱ्या दिवशी मी माझी बादली घेऊन कालव्यात उतरलो. गावचा मास्तर, पंचा गुंडाळून, नावेत अंघोळ करतोय. काठावर माझाच चौथीचा वर्ग. त्यातला एकजण ओरडला, "गुरुजी बी नावेला पानी पाजून राह्यले!" सगळे हसले. मी एक तांब्या ओतला. दुसरा ओतला. रोज उतरलो. बायको म्हणाली, लोकं काय म्हणतील. म्हटलं, जे म्हणायचं ते मीच आधी म्हणून ठेवलंय.

मामा परत आले तेव्हा कालवा कोरडाच होता. कमल बैलगाडीतून सरळ कालव्याच्या तळातून आली, मांडीवर मुलगी. नाव लागलीच नाही. लोक पुन्हा हसले.

मामांनी कुणाकडं बघितलं नाही. ते तडक नावेत चढले. गोणपाट उचललं. सांध्यांतून बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. फळी फुगून घट्ट बसली होती. मग त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"मुडद्या!"

काठावरची माणसं पुढं सरकली.

"मुडद्या मास्तरड्या, साबण लावला का रे तू? आं? बोंबलून बोंबलून सांगितलं, नावेत साबण न्हाई! वासाचा साबण! नवरदेव हाय का तू? पोरायला काय शिकवतो, कप्पाळ? तेल गेलं ना सगळं लाकडाचं, भाड्या..."

गाडीत कमल पदर तोंडाला लावून हसत होती. माझा वर्ग हे सगळं ऐकत होता. मी मान खाली घालून उभा होतो. मधेच मामा दम घ्यायला थांबले आणि मला धास्ती वाटली, आता पुन्हा 'गुरुजी' म्हणतात की काय.

नाही म्हणाले. दम घेतला आणि पुन्हा सुरू झाले.